ओली फरशी, वाफेचा मॉप आणि घरातली वयस्कर माणसे

फरशी पुसण्याच्या साधनाविषयी डॉक्टराने लेख लिहावा, याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. पण दवाखान्यात हा प्रश्न अलीकडे वरचेवर येऊ लागला आहे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा मुलगा आईचे गुडघे दाखवायला येतो आणि तपासणी आटोपली की विचारतो, "डॉक्टर, आईला खाली बसून फरशी पुसणं आता होत नाही. ते वाफेचं यंत्र मिळतं, ते घेऊ का? जंतूही मरतात म्हणे." शेजारी बसलेली आई लगेच म्हणते, "कशाला उगा खर्च? अजून हात चालतात माझे." मुलाला जंतूंची काळजी, आईला पैशांची. ज्या गोष्टीची काळजी दोघांनीही करायला हवी, ती मात्र बोलण्यात येत नाही. फरशी पुसल्यानंतर किती वेळ ओली राहते आणि त्या वेळात घरातले कोण तिच्यावरून चालते, हा माझ्या दृष्टीने पहिला प्रश्न आहे. ते यंत्र कोणाच्या हातात जाणार, हा दुसरा. जंतू त्यानंतर.

वाफेचा मॉप, म्हणजे बाजारात ज्याला स्टीम मॉप म्हणतात तो, मुळात साधा असतो. लांब दांडा, त्यावर तीनशे ते पाचशे मिलिलिटर पाणी मावेल एवढी टाकी, आत विजेवर तापणारा भाग आणि तळाशी मायक्रोफायबरचे जाड कापड. बटण दाबल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात वाफ तयार होते, ती कापडातून फरशीवर उतरते, चिकटलेला मळ सैल करते आणि कापड तो टिपून घेते. यात फिनाईल नाही, साबण नाही, केवळ पाणी. एका टाकीत पंधरा-वीस मिनिटे काम होते. तो केर मात्र काढत नाही. झाडून न घेता वाफ फिरवली तर धुळीचा चिखल होतो आणि कापडाबरोबर घरभर पसरतो. त्यामुळे केरसुणी सुटेल असे कोणी समजू नये.

निसरडेपण कोठून आले

एका पिढीमागे न्हावरे आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर बहुतेक घरांत शेणाने सारवलेली जमीन होती. मग शहाबादी फरशी आली. तिचा पृष्ठभाग थोडा खरखरीत, पाय धरून ठेवणारा. आता नव्या घरांत सर्रास गुळगुळीत, चकाकणाऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसतात. कोरड्या असताना त्यांच्यावर चालण्यास फारशी अडचण नसते. पाण्याचा पातळ थर आला की मात्र पाय सरकतो. त्या पाण्यात साबण किंवा जास्त फिनाईल असेल, तर आणखीच सरकतो. ज्या आजोबांचे पाय आयुष्यभर सारवणावर आणि शेताच्या बांधावर चालले, त्यांना सत्तरीत अशा फरशीची सवय करून घ्यावी लागते, आणि तीही मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी. चकचकीत टाइलवरचे स्वच्छ पाणी तरुण डोळ्यांनाही चटकन दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत साठी ओलांडलेल्यांची संख्या सर्वाधिक असते. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो. आपल्याकडे वयस्कर माणूस पडला की "वय झालं, तोल गेला" असे म्हणून विषय संपवला जातो. तोल जाण्यामागे पुष्कळदा ठरावीक कारणे असतात. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी घेतल्यावर उठताना येणारी चक्कर, मधुमेहामुळे तळपायांची कमी झालेली जाणीव, सैल स्लिपर, आणि पायाखाली ओली फरशी. यांतील चौथे कारण आपल्या हातात सर्वांत सहज बदलता येण्याजोगे आहे.

आपल्या घरातली सकाळ आठवून पाहा. सात-साडेसातला चहा आणि गोळ्या, त्यानंतर आजींची आंघोळ, मग देवपूजा. त्याच सुमारास सूनबाई मुलांना शाळेत पाठवून केरवारे, फरशी उरकून घेतात, कारण पुढे त्यांनाही शेतावर किंवा नोकरीवर जायचे असते. म्हणजे फरशी सर्वांत ओली असते त्याच वेळी घरातले सर्वांत नाजूक माणूस न्हाणीघरातून देवघराकडे, ओल्या पायांनी आणि अनवाणी चालत असते. खुब्याचे हाड मोडते ते अशा चार पावलांच्या वाटेवर. ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, विशेषतः पाळी थांबून बरीच वर्षे झालेल्या स्त्रियांना, उभ्या जागेवरून कुशीवर पडणे एवढेही त्यासाठी पुरते. पुढे शस्त्रक्रिया, अंथरुणाला खिळणे, न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा, पायातल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या, ही मालिका कित्येक कुटुंबांनी अनुभवली आहे.

वाफेच्या मॉपचा खरा उपयोग मला येथे दिसतो. बादलीत बुडवून पिळलेले फडके फरशीवर बरेच पाणी सोडते, आणि पावसाळ्यात ते वाळायला पंधरा-वीस मिनिटेही लागतात. वाफेचा मॉप अख्ख्या घराला अर्धा लिटर ते लिटरभर पाणी वापरतो. फरशी गरम झालेली असल्यामुळे आणि कापडाने ओल टिपल्यामुळे पंखा सुरू ठेवला तर ती थोड्याच मिनिटांत कोरडी होते. अर्थात कापड चिंब होईपर्यंत वापरले, तर हा फायदा राहत नाही. दोन खोल्या झाल्या की कापड बदलावे.

आपल्या फरशीला वाफ सोसते का?

हे विकत घेण्यापूर्वी पाहायचे, नंतर नाही. व्हिट्रिफाइड आणि सिरॅमिक टाइल्सना, सांधे नीट भरलेले असतील तर, वाफेचा त्रास होत नाही. सांध्यांमधला तेलकट काळपटपणा वाफेने चांगला निघतो, हे स्वयंपाकघरात विशेष जाणवते. शहाबादी फरशी मात्र पाणी शोषणारा चुनखडीचा दगड आहे, आणि आपल्याकडे ती बहुधा कोणतेही संरक्षक लेपन न करताच बसवलेली असते. वाफ तिच्यात आणि तिच्या सांध्यांत मुरते. उघड्या, लेपन नसलेल्या दगडावर हे यंत्र वापरू नये, असे उत्पादकांच्या पुस्तिकांतही बहुधा लिहिलेले असते. मेण लावून चमकवलेल्या मोझॅकची आणि संगमरवराची चकाकी वाफेने जाऊ शकते. गोंदाने चिकटवलेला व्हिनाइलचा थर सैल होऊन कडा उचलल्या जातात, आणि उचललेली कड म्हणजे अडखळण्याची नवी जागा. लॅमिनेटची लाकडी फरशी ओलीने फुगते. सारवलेल्या जमिनीचा प्रश्नच येत नाही.

जुन्या घरात अनेकदा ओसरी शहाबादीची, स्वयंपाकघर टाइल्सचे आणि माजघर अजून कोब्याचे, असा मिश्र प्रकार असतो. अशा घरात हे यंत्र दोन खोल्यांपुरतेच कामाला येते. त्या दोन खोल्यांसाठी एवढी रक्कम घालावी का, हे ज्याने त्याने ठरवावे. मला विचाराल तर मी घालणार नाही.

फरशीनंतर वीज. या यंत्रांची ताकद साधारण १,२०० ते १,५०० वॅट असते. भिंतीवरचा नेहमीचा लहान सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टवर जास्तीत जास्त १,३८० वॅटचा भार घेणारा. त्यावर १,५०० वॅटचे यंत्र चालवले तर सॉकेट तापतो, काळा पडतो. गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट प्रत्येक खोलीत आहे का, हे आधी पाहा. नसेल तर लोक स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड लावतात. तो आणखी तापतो आणि त्याची वायर खोलीभर पसरते. घराला अर्थिंग नीट आहे याची वायरमनकडून खात्री करून घ्या, आणि मुख्य बोर्डावर गळती झाल्यास वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण बसवून घ्या. पाणी आणि वीज एकाच दांड्यावर असताना हा खर्च टाळू नये. विजेचे बिल मात्र फार वाढत नाही. १,५०० वॅटचे यंत्र अर्धा तास सलग चालले तरी पाऊण युनिट होते.

मग पाणी. बोअरचे पाणी असलेल्या घरांत नळाच्या तोंडावर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर साचतो, तो आपल्या परिचयाचा आहे. तोच थर या यंत्राच्या आत, अगदी बारीक छिद्रांत बसतो. काही महिन्यांत वाफ कमी येऊ लागते, मग थुंकल्यासारखे गरम पाणी बाहेर येते, आणि ओली फरशी टाळण्यासाठी घेतलेले यंत्र फरशी ओली करू लागते. आर. ओ.चे शुद्ध पाणी वापरावे. आर. ओ. यंत्राच्या नळीतून बाहेर जाणारे पाणी वाया जाते म्हणून पुष्कळजण ते पुसायला वापरतात. बादलीतल्या फडक्यासाठी ते ठीक आहे, या टाकीत मात्र घालू नका, कारण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात. आणि टाकीत फिनाईल, साबण, अत्तर किंवा कापूर यांतले काहीही घालायचे नाही. त्यांची वाफ श्वासात जाते, आणि घरात दमेकरी असेल तर त्रास त्याला होतो.

दांडा कोणाच्या हाती

उकळत्या पाण्यापेक्षा वाफ जास्त भाजते, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारण मात्र समजून घेण्यासारखे आहे. एक ग्रॅम उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत थंड होताना सुमारे ६३ कॅलरी उष्णता देते. एक ग्रॅम वाफ त्वचेवर पडली की आधी तिचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी बाहेर पडतात, आणि त्यावर या ६३ आणखी. वृद्धांची त्वचा पातळ झालेली असते, त्यामुळे तरुणाला जेथे फक्त लाली येते तेथे त्यांना खोल जखम होऊ शकते. मधुमेहामुळे पायांच्या संवेदना गेलेल्या माणसाला तर भाजल्याचे कळतही नाही; संध्याकाळी फोड दिसतो तेव्हा उलगडा होतो.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. पायांना मुंग्या किंवा बधिरता असलेला मधुमेही, हाताला कंप असणारा, चक्कर येणारा, विसराळूपणाचा आजार जडलेला, यांपैकी कोणीही हे यंत्र चालवू नये. वापरणाऱ्याने पायांत बंद, न घसरणारी चप्पल घालावी, साडीचा पदर खोचून घ्यावा, आणि वाफ चालू असताना खालचे कापड हाताने कधीही सरळ करू नये. टाकी भरण्यापूर्वी प्लग काढावा. काही यंत्रांत पाणी दाबाखाली तापते. तशा यंत्राचे झाकण गरम असताना उघडणे म्हणजे प्रेशर कुकर वाफ न सोडता उघडण्यासारखे आहे. घरात नातवंडे असतील तर बटण दाबले तरच वाफ येईल आणि सोडले की थांबेल असेच यंत्र घ्या. सतत वाफ सोडत उभे राहणारे नको.

भाजलेच, तर वीस मिनिटे नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली तो भाग धरावा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर नकोच. अंगठी, जोडवी, बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात, स्वच्छ कापडाने सैल झाकावे आणि डॉक्टरांकडे यावे. मधुमेही माणसाच्या पायावरचा फोड दुखत नसला तरी त्याच दिवशी दाखवावा.

गुडघ्यांचे काय? मुलाचा मूळ प्रश्न तो होता, आणि तो अगदी रास्त आहे. उकिडवे बसून पुढे सरकत फरशी पुसणे झिजलेल्या गुडघ्यांना फार जड जाते, आणि भरलेली दहा लिटरची बादली उचलणे मणक्याला. वाफेचा मॉप दोन ते तीन किलोचा असतो आणि उभ्याने ढकलता येतो. पण उभ्याने ढकलण्यासाठी वाफेची गरज नाही. लांब दांड्याचा, सपाट मायक्रोफायबरचा साधा मॉप एक किलोच्या आसपास भरतो, वायर नसते, भाजत नाही आणि किमतीत काही पटींनी स्वस्त पडतो. तो घट्ट पिळून वापरला तर फरशी लवकर वाळते. एका बादलीत साबणाचे पाणी आणि दुसरीत साधे, एवढे पथ्य पाळले की झाले. दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक कुटुंबांना मी हाच सुचवतो. आईसाहेबांच्या खर्चाच्या तक्रारीलाही तो उत्तर देतो.

जंतूंविषयी आता थोडेसे. वाफेने जंतू मरतात, हे खरे आहे. पण मरण्यासाठी उष्णता काही काळ एका जागी टिकावी लागते, आणि आपण मॉप ज्या वेगाने फिरवतो त्या वेगात ती टिकत नाही. डब्यावरचा ९९.९ टक्क्यांचा आकडा प्रयोगशाळेत, ठरावीक जागी ठरावीक वेळ वाफ धरून काढलेला असतो. काही जंतूंचे कवचधारी बीजाणू तर एवढ्याने मरतही नाहीत. निरोगी कुटुंबाच्या फरशीला रोज निर्जंतुक करण्याची आवश्यकता नाही. साबणाच्या पाण्याने मळ गेला की पुरेसे होते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या खोलीत शौच, उलटी किंवा रक्त सांडले, तर त्यावर वाफ मारू नका. उष्णतेने ते फरशीला अधिक घट्ट चिकटते. हातमोजे घालून कागदाने किंवा टाकून देण्याच्या फडक्याने आधी उचलावे, साबणाने धुवावे, मग घरगुती ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून दहा मिनिटे ठेवावा आणि साध्या पाण्याने पुसून काढावे. खिडक्या उघड्या असू द्याव्यात. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना जाळतो. फिनाईल आणि ॲसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती तर आजच बंद करा. स्मृती गेलेल्या आजोबांना आणि तीन वर्षांच्या नातवाला ती बाटली सारखीच दिसते.

रुग्णाच्या खोलीत आणखी एक गोष्ट असते, ती वायरी आणि नळ्या. हवेच्या गादीची वायर, ऑक्सिजनची नळी, पलंगाच्या कडेला टांगलेली लघवीची पिशवी. त्यात वाफेच्या मॉपची पाच-सहा मीटर वायर वळसे घेत फिरली, की कशात तरी अडकणारच. अशा खोलीत बिनवायरचा साधा मॉपच बरा.

एवढे सगळे वाचूनही काही घरांना वाफेचा मॉप खरोखर शोभतो. सगळीकडे टाइल्स, विजेची सोय चांगली, चालवणारे माणूस धडधाकट, आणि घरात असा दमेकरी की ज्याला फिनाईलच्या नुसत्या वासाने धाप लागते, अशा घराने तो जरूर घ्यावा. किंमत साधारण पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत असते. महागड्या यंत्राबरोबर खिडक्या, पडदे, कपडे यांसाठी दहा-बारा तोंडे येतात, ती बहुधा माळ्यावर जातात. त्याऐवजी बरोबर किती कापडे मिळतात, पुढे सुटी मिळतील का, आणि दुरुस्ती शिरूर किंवा दौंडला होईल की यंत्र पुण्याला न्यावे लागेल, हे विचारा. कापडे गरम पाण्यात साध्या पावडरने धुवून उन्हात वाळवावीत. कपडे मऊ करणारे द्रावण घालू नये, त्याने मायक्रोफायबरची पाणी टिपण्याची शक्ती जाते.

मॉप कोणताही घ्या, फरशी पुसण्याची वेळ मात्र बदला. वयस्कर माणसांची आंघोळ आणि पूजा होऊन ती एका जागी बसली की मगच पुसायला घ्यावे, एका वेळी एकच खोली, आणि ती वाळेपर्यंत उंबऱ्यात एक पाट आडवा ठेवावा. तोच पाट फरशी वाळताच उचलायचा आहे, नाहीतर त्यालाच कोणी तरी अडखळेल. कोणी पडलेच, तर घाईने काखेत हात घालून उभे करू नका. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर तसेच निजवून ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आणि यंत्र घ्यायचे ठरलेच, तर ऑनलाइन मागवण्याआधी एखाद्या दुकानात ते बघून या. जाताना ज्या व्यक्तीला ते रोज चालवायचे आहे तिला बरोबर न्या, टाकीत पाणी भरून दांडा तिच्या हातात द्या आणि दुकानातल्या फरशीवर पाच मिनिटे फिरवू द्या. मनगट दुखते का, बटण अंगठ्याने सहज दबते का, वायर पायात येते का, हे तिलाच विचारा.